गावातल्या महाविद्यालयातली परिषद

एका विषयात काम करणारे प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थी ठरवून एकत्र येतात, आपापले शोधनिबंध मांडतात, त्यांवर प्रश्न विचारतात आणि ऐकून घेतात, तेव्हा ती परिषद होते. निबंध छापूनही लोकांपर्यंत पोचतोच. तरीही प्रवासखर्च सोसून आणि कर्तव्य रजा काढून माणसे शेकडो किलोमीटरवरच्या गावी जातात, याचे कारण छापील निबंधाला समोरासमोर प्रश्न विचारता येत नाही. लेखकाने गृहीत धरलेली गोष्ट वाचकाला खटकली, तर ती त्याच्याच मनात राहते. परिषदेत ती दोन मिनिटांत बोलून होते, आणि पुष्कळदा निबंध तिथून पुढे वेगळ्या दिशेने जातो.

या भेटीगाठींचे महत्त्व दाखवणारे रसायनशास्त्रातले एक उदाहरण आहे. १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्लस्रूह येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले. अणुभार कसे ठरवावेत यावर त्या काळी एकमत नव्हते. एकाच पदार्थाची वेगवेगळी सूत्रे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वापरली जात. तीन दिवसांच्या चर्चेत ठाम निर्णय झाला नाही. मात्र परिषद संपताना इटलीच्या स्तानिस्लाव कान्निझ्झारो यांची एक छोटी पुस्तिका उपस्थितांना वाटली गेली. ती सोबत नेणाऱ्यांत लोथार मायर होते, आणि मेंदेलेएव्हही या परिषदेला हजर होते. १८६९ मध्ये मेंदेलेएव्ह यांनी आवर्तसारणी मांडली, तिला आधार मिळाला तो एकसारख्या अणुभारांचा. ठराव न होताही परिषद यशस्वी होऊ शकते, हे त्या तीन दिवसांनी दाखवले.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे पहिले अधिवेशन १९१९ मध्ये पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात झाले. आजची भारतीय इतिहास परिषद १९३५ मध्ये पुण्यातच भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने सुरू झाली. कोलकात्यात १९१४ मध्ये सुरू झालेल्या भारतीय विज्ञान परिषदेचे १०८ वे अधिवेशन जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भरले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेची वार्षिक अधिवेशने गावोगाव फिरत आली आहेत. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र अशा विषयांच्या प्राध्यापकांनीही राज्यपातळीवर आपापल्या परिषदा उभ्या केल्या. त्यांचे अधिवेशन दरवर्षी नव्या महाविद्यालयात घ्यायचे, ही प्रथा फार मोलाची ठरली. तिच्यामुळे तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयांना यजमानपदाची सवय लागली आणि पुण्या-मुंबईच्या नामवंत अभ्यासकांना जिल्ह्याजिल्ह्यांतले वर्ग पाहायला मिळाले.

मराठवाड्यात हे सारे उशिरा आले, आणि त्याला इतिहास कारण आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता. उच्च शिक्षणाचे केंद्र हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथले माध्यम उर्दू. मराठी घरातल्या मुलाला महाविद्यालय गाठणेच अवघड होते. नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले ते १९५० मध्ये, स्वामी रामानंद तीर्थ यांच्या प्रेरणेने. १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आले. त्यानंतर लातूरला दयानंद आणि राजर्षी शाहू, नांदेडला यशवंत, उदगीरला महाराष्ट्र उदयगिरी अशी महाविद्यालये एकामागून एक उभी राहिली. १९९४ मध्ये नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झाले आणि स्वामी रामानंद तीर्थांचे नाव त्याला मिळाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. माहूरचे श्री रेणुकादेवी महाविद्यालय आणि किनवटची महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. विष्णुपुरीच्या विद्यापीठ परिसरापासून माहूर सव्वाशे किलोमीटरहून दूर, पैनगंगेच्या काठच्या डोंगरात आहे.

पीपल्स कॉलेजचे नाव निघाले की नरहर कुरुंदकर आठवतात. प्राध्यापक, पुढे प्राचार्य आणि सर्वकाळ वक्ते असलेल्या कुरुंदकरांनी साहित्य, इतिहास, राजकारण, नाट्यशास्त्र आणि संगीत या विषयांवर सारख्याच अधिकाराने मांडणी केली. एका विषयाच्या माणसाने दुसऱ्या विषयाच्या सभेत जाऊन प्रश्न विचारावा, ही रीत नांदेडला त्यांनी घालून दिली, असे म्हणता येईल. बहुविद्याशाखीय हा शब्द शासकीय परिपत्रकांत रूढ होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

महाविद्यालयात भरणाऱ्या मेळाव्यांचे काही प्रकार ठरलेले आहेत. कार्यशाळेत शिकवणे मुख्य असते: संदर्भव्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर कसे वापरायचे, मोडी कशी वाचायची, मातीचे परीक्षण कसे करायचे. चर्चासत्र एका नेमक्या विषयापुरते असते आणि त्यात निबंधवाचनाइतकेच बोलण्याला महत्त्व असते. परिषद त्याहून मोठी, अनेक उपविषयांची, समांतर सत्रांची. अधिवेशन भरते ते एखाद्या संघटनेचे. त्यात निबंधांबरोबर अध्यक्षीय भाषण, सर्वसाधारण सभा आणि पुढच्या वर्षीच्या यजमानाची निवडही होते. राज्यस्तरीय, राष्ट्रीय, आंतरराष्ट्रीय हे शब्द निमंत्रितांच्या आणि सहभागींच्या गावांवरून ठरतात. निबंधांच्या दर्जाशी त्यांचा थेट संबंध नसतो.

तयारी चार-सहा महिने आधी सुरू होते. विभागप्रमुख प्रस्ताव करतो, प्राचार्य आणि संस्थाचालक मान्यता देतात, एक प्राध्यापक निमंत्रक किंवा समन्वयक होतो. मग माहितीपत्रक निघते. त्यात मुख्य विषय, उपविषय, गोषवारा आणि पूर्ण निबंध पाठवण्याच्या तारखा, नोंदणी शुल्क, निबंध कोणत्या फाँटमध्ये टंकलिखित करायचा हे सगळे असते. फाँटची सूचना वरवर किरकोळ वाटते. पण मराठी निबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आले की छपाईच्या वेळी जोडाक्षरांचा चुराडा होतो आणि संपादकाचे आठवडे त्यात जातात. नोंदणी, निवास, भोजन, सभागृह, वाहतूक अशा समित्या होतात. लहान गावात निवासाची अडचण सर्वांत मोठी असते. माहूरसारख्या तीर्थक्षेत्री भक्तनिवासांमुळे ती सुटते. मात्र नवरात्र किंवा दत्तजयंतीच्या सुमारास तारीख धरली, तर गावात पाय ठेवायला जागा मिळत नाही.

प्रत्यक्ष दिवस बहुतेक ठिकाणी सारखाच उलगडतो. सकाळी नोंदणी, मग उद्घाटन, बीजभाषण, भोजन, दुपारी निबंधवाचनाची सत्रे, शेवटी समारोप आणि प्रमाणपत्रे. बीजभाषण हा परिषदेचा कणा. विषयाची आजवरची वाटचाल, वादाचे मुद्दे आणि अजून हात न लागलेले प्रश्न मांडण्याचे काम बीजभाषकाचे. ते चांगले झाले, तर दुपारच्या निबंधांना संदर्भ मिळतो आणि श्रोता त्यांची सांगड घालू शकतो. दुर्दैवाने याच भाषणाचा वेळ सर्वाधिक कापला जातो. सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि मान्यवरांची मनोगते लांबत जातात, उद्घाटन दुपारवर सरकते, आणि त्याची किंमत निबंध वाचणाऱ्या तरुण संशोधकांना मोजावी लागते. वर्षभर राबून लिहिलेला निबंध चार मिनिटांत उरकायला सांगितले जाते. प्रश्नोत्तरांना तर वेळच उरत नाही, आणि माणसे एकत्र आली होती ती प्रश्नोत्तरांसाठीच. परिषदेचा दर्जा पाहायचा असेल, तर प्रत्येक निबंधानंतर प्रश्नांना किती मिनिटे ठेवली होती हे विचारावे.

विषयानुसार सत्राची पद्धत बदलते. मराठी-हिंदीच्या सत्रात निबंध बहुधा जसाच्या तसा वाचला जातो, कारण भाषेच्या अभ्यासात वाक्यरचनेलाही वजन असते. इतिहासात कागदपत्र दाखवावे लागते: ताम्रपट, सनद, फारसी अखबार. रसायन किंवा वनस्पतिशास्त्रात पडद्यावर आलेख आणि छायाचित्रे येतात. ज्यांना व्यासपीठावर वेळ मिळत नाही, ते भित्तिपत्रक लावून त्याच्याजवळ उभे राहतात. भित्तिपत्रकाला कमी लेखले जाते, पण तिथे परीक्षक आणि विद्यार्थी यांच्यात जो निवांत संवाद होतो, तो व्यासपीठावर क्वचितच होतो. अभियांत्रिकीत निबंध आधीच तज्ज्ञांकडून तपासून निवडलेले असतात, त्यामुळे तिथे न निवडला जाणे हीही नेहमीची गोष्ट आहे. वाणिज्य आणि अर्थशास्त्रात प्रश्नावली घेऊन केलेली पाहणी लोकप्रिय आहे. पन्नास-शंभर माणसांच्या उत्तरांवरून सबंध जिल्ह्याविषयी निष्कर्ष काढला जातो, तेव्हा नमुना कसा निवडला हे विचारणारा कोणीतरी सभागृहात असणे अत्यंत गरजेचे असते.

अनेक विषय एकत्र आणण्याची दोन वळणे दिसतात. पहिल्यात विषय इतका मोठा ठेवतात की त्यात काहीही बसावे: ‘सामाजिक शास्त्रांतील नवे प्रवाह’ किंवा ‘विज्ञान व तंत्रज्ञानातील अलीकडच्या घडामोडी’. निबंध भरपूर येतात, पण क्रीडाशास्त्राचा निबंध ऐकायला बसलेल्या ग्रंथपालाला त्यावर विचारण्यासारखे काही नसते. दुसऱ्या वळणात प्रश्न एकच असतो आणि त्याकडे अनेक विषय आपापल्या बाजूने पाहतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्याशाखा चार केल्या आणि त्यांत आंतरविद्याशाखीय अभ्यासाला वेगळे स्थान दिले. त्या तरतुदीचा आशय दुसऱ्या प्रकारच्या परिषदेतच खऱ्या अर्थाने उतरतो.

असे प्रश्न लातूर-नांदेडकडे आहेतच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि हजारो माणसे गेली. दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर मानले जाई. त्या समजुतीला किल्लारीने तडा दिला आणि जगभरातील भूशास्त्रज्ञांचे लक्ष इकडे वळले. पण किल्लारीचा प्रश्न भूगर्भापुरता नाही. जाड दगडी भिंती आणि मातीच्या धाब्यांखाली माणसे का दगावली, हा स्थापत्याचा प्रश्न. पुनर्वसनात गावे हलली तेव्हा गल्ल्या, शेजार आणि शेताची वाट यांचे काय झाले, हा समाजशास्त्राचा. अनाथ झालेल्या मुलांचे मन कसे सावरले, हा मानसशास्त्राचा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडण्यामागे पाऊसमान किती, उसाचे क्षेत्र किती आणि शहराची वाढ किती, हे जलतज्ज्ञ, कृषितज्ज्ञ आणि अर्थतज्ज्ञ एका टेबलाशी बसल्याशिवाय नीट उलगडत नाही.

माहूरचा परिसर तर एकाच विषयाच्या हातात मावणारा नाही. रेणुकामातेचे हे स्थान साडेतीन पीठांपैकी एक. दत्तशिखर आणि अनसूयेचे शिखर येथेच. महानुभाव पंथालाही माहूर पवित्र आहे. पंचकृष्णांतील श्रीचक्रपाणींना दत्तात्रेयांचे दर्शन येथे झाले, अशी पंथाची श्रद्धा आहे. महानुभावांचे मराठी गद्य तेराव्या शतकापासूनचे, आणि त्यांच्या पोथ्यांचा मोठा भाग सकळसारख्या सांकेतिक लिप्यांत. म्हणजे शाक्त, दत्त आणि महानुभाव अशा तीन परंपरांचा अभ्यासक येथे येतो, आणि सोनापीरच्या दर्ग्यामुळे सूफी परंपरेचाही. धर्मशास्त्राचा, जुन्या मराठीचा आणि लिपिशास्त्राचा जाणकार येथे एकमेकांना उपयोगी पडतात.

माहूरच्या किल्ल्याचा इतिहास असाच अनेक भाषांत विखुरला आहे. बहमनी राज्यात महमूद गवानने मोठे सुभे तोडले तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. मोगल काळात माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक सरकार होते. माहूरच्या देशमुख घराण्यातील सावित्रीबाई, म्हणजेच रायबागन, मोगलांच्या बाजूने लढल्या. १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत कारतलबखानाबरोबर त्या होत्या, आणि समोर शिवाजी महाराज. त्यांच्यावर लिहायचे तर फारसी आणि मराठी दोन्ही साधने वाचता यायला हवीत. एका अभ्यासकाकडे दोन्ही असणे कठीण. दोघे एका सत्रात बसले, तर काम होते.

याच डोंगरात गोंड, कोलाम, आंध आणि बंजारा वस्त्या आहेत. कोलाम हे महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. त्यांची कोलामी आणि शेजारची गोंडी या दोन्ही द्राविड कुळातल्या भाषा. या भाषांच्या अभ्यासाला लातूर जिल्ह्याचाच एक माणूस मोठा आधार ठरला. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबाद संस्थानच्या सेवेत आदिलाबाद भागात होते. तिथे त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. इतिहासकार म्हणून त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, या कामाची आठवण मात्र क्वचित काढली जाते. किनवट-माहूरच्या महाविद्यालयांत आज याच वस्त्यांतली मुले-मुली शिकतात. औषधी वनस्पतींवरच्या परिषदेत बाहेरचा वनस्पतिशास्त्रज्ञ शास्त्रीय नाव सांगतो. झाडाचे स्थानिक नाव, त्याची साल कधी काढायची आणि कोणी काढायची नाही, हे त्या वर्गातल्या मुलीला घरातूनच माहीत असते. तिला सहभागी म्हणून व्यासपीठावर बसवले, निबंधाची सहलेखक केले, तर गावातल्या परिषदेला मोठ्या शहरातल्या परिषदेत सहसा न सापडणारी गोष्ट मिळते. तिला केवळ स्वागतगीत म्हणायला उभे करणे हा तिच्या ज्ञानाचा अपव्यय आहे.

परिषदांची संख्या गेल्या दोन दशकांत फार वाढली, त्याचे कारण नियमांत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली आणि परिषदेतल्या निबंधवाचनाला गुण मिळू लागले. २०१८ च्या नियमांत परदेशातील आंतरराष्ट्रीय परिषदेतल्या निबंधाला ७, देशातील आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, राष्ट्रीय परिषदेला ३ आणि राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २ असे गुण ठेवले गेले. राष्ट्रीय परिषदेच्या फलकावर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द का येतो, हे या आकड्यांवरून समजते. २०१६ च्या पीएचडी नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी परिषदांतून दोन निबंध वाचणे सक्तीचे केले. त्यामुळे संशोधक विद्यार्थ्यांचीही गर्दी वाढली. २०२२ च्या नियमांत ही सक्ती राहिली नाही. ‘नॅक’च्या, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, मूल्यांकनातही महाविद्यालयाने भरवलेल्या चर्चासत्रांची नोंद लागते. बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत आयोगाचे पुण्याचे कार्यालय महाविद्यालयांना चर्चासत्रांसाठी अनुदान देत असे. योजना २०१७ मध्ये संपली, आणि नोंदणी शुल्क, संस्थेची मदत व स्थानिक देणगीदार यांच्यावर भार आला.

शुल्कावर परिषद चालू लागली की निबंध नाकारणे कठीण होते. प्रत्येक निबंधामागे एक नोंदणी असते. आलेले सगळे निबंध एका जाड अंकात, तपासणीविना छापले जातात. दर्जेदार नियतकालिके ओळखता यावीत म्हणून आयोगाने २०१९ मध्ये ‘केअर’ यादी काढली. २०२५ मध्ये ती बंद केली. यादी असो वा नसो, निबंध कोणी वाचला आणि त्यात काय सुधारायला सांगितले, हाच खरा प्रश्न आहे. नेटाने काम करणाऱ्या ग्रामीण प्राध्यापकाचे या गर्दीत सर्वाधिक नुकसान होते, कारण त्याचा चांगला निबंधही त्याच जाड अंकात हरवतो.

२०२० च्या टाळेबंदीत परिषदा ऑनलाइन गेल्या. त्या उन्हाळ्यात महाविद्यालयांनी वेबिनारांचा सपाटा लावला, गुगल फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र मिळत होते. त्यातून थकवा आला, तसा फायदाही झाला. ज्या वक्त्याला माहूरला आणणे परवडले नसते, तो पडद्यावर आला. आज पुष्कळ परिषदा मिश्र पद्धतीने होतात: बीजभाषण दूरवरून, निबंधवाचन सभागृहात. डोंगराळ भागात नेटवर्क दगा देते, म्हणून भाषण आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची खबरदारी अनुभवी निमंत्रक घेतात.

भाषेचाही प्रश्न उरतो. आंतरराष्ट्रीय म्हटले की निबंध इंग्रजीत असावा, असा समज आहे. विज्ञानात ते बरेचसे अपरिहार्य आहे. पण मांजरेच्या पाण्यावर किंवा किल्लारीच्या पुनर्वसनावर लिहिलेला निबंध त्या गावातल्या माणसाला वाचता आला पाहिजे. अशा निबंधाचा दोन पानी मराठी गोषवारा सक्तीचा करणे अवघड नाही, आणि काही संयोजक तसे करतातही.

परिषद संपल्यावरचे काम सर्वांत दुर्लक्षित. निबंधसंग्रह पुस्तकरूपाने निघाला, तर १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्याप्रमाणे त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने नेमलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवावी लागते. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर सापडतात, परिषदांच्या निबंधांना तशी एकत्र जागा नाही, त्यामुळे यजमान महाविद्यालयाने ते आपल्या संकेतस्थळावर ठेवणे आणि तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाला प्रत देणे महत्त्वाचे ठरते. त्याच्याबरोबर सत्रांतल्या प्रश्नोत्तरांचे टिपण असेल, तर पुढच्या संशोधकाला वाद कुठे होता ते कळते. हे टिपण करायला वरच्या वर्गातले दोन विद्यार्थी प्रत्येक सत्रात बसवले की पुरते. त्यांना आधी गोषवारे वाचायला द्यावेत, नावे आणि संज्ञा कशा लिहायच्या ते सांगावे, आणि संध्याकाळी सत्राध्यक्षांकडून टिपण तपासून घ्यावे.